नर्सीचे गाणे घुमानपर्यंत

पेरणी आटोपली, उगवण बऱ्यापैकी झाली, कोळपणीला अजून चार दिवस अवकाश आहे, अशी आषाढातली एक उसंत दरवर्षी आपल्या वाट्याला येते. त्या उसंतीत घरच्या मंडळींना घेऊन कुठे तरी जावेसे वाटते. फार दूर जायला पैसा नाही आणि जनावरांमुळे मुक्कामही करता येत नाही. अशांनी हिंगोलीकडे यावे, असे मी सुचवीन.

हिंगोली हा लहानसा जिल्हा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाचच तालुके. पूर्णा-अकोला लोहमार्गावर हिंगोलीचे स्टेशन आहे. वसमतची हळद सर्वदूर नावाजलेली आहे आणि तिला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण आज मला पिकांविषयी सांगायचे नाही. पिकांविषयी आम्ही विस्तार अधिकारी वर्षभर बोलतच असतो. आज सांगायचे आहे ते एका गाणाऱ्या माणसाविषयी आणि त्याच्या वाटेविषयी. ही वाट या जिल्ह्यातल्या कयाधू नदीच्या काठाशी सुरू होते आणि थेट पंजाबात जाते.

तो माणूस म्हणजे संत नामदेव. आपण त्यांना हात जोडतो, त्यांची पुण्यतिथी करतो, ते योग्यच आहे. परंतु हात जोडताना एक गोष्ट आपल्या ध्यानातून निसटते, की हा माणूस जन्मभर गाणारा होता. शिंप्याच्या घरात जन्मला, पण शिवणकामात रमला नाही. गावोगाव हिंडला, लोकांपुढे उभा राहून गायला आणि लोकांना गायला लावले. सातशे वर्षे झाली तरी ते गाणे थांबलेले नाही. हे कसे घडले, हे शेतकऱ्याने समजून घेण्यासारखे आहे.

कयाधूच्या काठी

हिंगोलीहून सेनगाव-रिसोडच्या रस्त्याला लागले की वीस किलोमीटरांच्या आत नर्सी येते. जुन्या लोकांच्या तोंडी 'नर्सी बामणी' असे नाव आहे. आता सर्वजण 'नर्सी नामदेव' म्हणतात. दोन्ही बाजूंना सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी, कुठे हळदीचे गादीवाफे. कयाधू ही काही मोठी नदी नव्हे. वाशीमच्या बाजूने येते, हिंगोलीवरून जाते आणि पुढे पैनगंगेला मिळते. उन्हाळ्यात तिचे पात्र कोरडे पडते आणि पावसाळ्यात तीच नदी काठच्या शेतांत शिरते.

नामदेवांचा जन्म कार्तिक शुद्ध एकादशी, शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० मधला. वडील दामाशेटी, आई गोणाई. त्यांचे घराणे मूळचे नर्सीचे. जन्म नर्सीत झाला की कुटुंब पंढरपुरास गेल्यावर तिथे झाला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपण त्या वादात पडायला नको. बीज इथले, एवढे दोन्ही बाजू मान्य करतात. रोपवाटिका एका गावची आणि लागवड दुसऱ्या गावची, हे आपल्याला नवीन नाही.

इथे नामदेवांचे मंदिर आहे आणि शिखांचा गुरुद्वाराही आहे. मराठवाड्यातल्या एवढ्याशा गावात गुरुद्वारा कसा, असे पहिल्यांदा येणाऱ्याला वाटते. त्याचे उत्तर पुढे येईलच.

यायचे असेल तर आषाढ वद्य एकादशीला यावे. या दिवसाला इकडे 'परतवारी' म्हणतात. आषाढीला पंढरपूरला जाऊन आलेले वारकरी या दिवशी नर्सीला येतात आणि आपली वारी पुरी झाली असे समजतात. वारी न घडलेलेही येतात. त्या दिवशी इथे पाय ठेवायला जागा नसते. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखीही पंढरीला जाताना सेनगाव, नर्सी, औंढा नागनाथ याच वाटेने जाते. टाळ-मृदंगाची ती रांग शेतांच्या कडेने जाऊ लागली, की खुरपणीच्या बायका बांधावर येऊन उभ्या राहतात आणि उभ्या उभ्या त्यांच्याबरोबर गाऊ लागतात. माझ्या लेखाचा सगळा गाभा बांधावरच्या त्या बायकांमध्ये आहे.

कच्चे मडके

नामदेवांच्या घरी चौदा-पंधरा माणसे खाणारी. पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा, म्हादा हे चार मुलगे, सुना, मुलगी लिंबाई, बहीण आऊबाई, आणि घरची म्हणून राहिलेली जनाबाई. कर्त्या पुरुषाने धंद्याकडे पाठ फिरवून गाण्याच्या मागे लागावे, हे घरच्यांना कसे रुचावे? आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या तक्रारी त्या घराण्याच्या अभंगांमध्येच आलेल्या आहेत. भगिनींनो, त्या वाचताना तुम्हाला राजाईचे म्हणणे खोटे वाटणार नाही. गाणाऱ्याच्या कीर्तीमागे घरातल्या बाईने काढलेले दिवस असतात, आणि त्या काळच्या लोकांनी ते लपवून ठेवले नाहीत, याचे मला कौतुक वाटते.

तरुणपणी नामदेवांची ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, सोपान आणि मुक्ताबाई या भावंडांशी गाठ पडली. पुढची कथा तुम्हाला ठाऊक आहे. गोरोबा कुंभारांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे सारे पक्के निघाले. नामदेव मात्र कच्चे मडके ठरले. देवाचा लाडका म्हणून ज्याला सर्व पंढरी ओळखत होती, त्याला सर्वांदेखत हे ऐकावे लागले. गुरू करून ये, असे सांगण्यात आले. गुरू होते विसोबा खेचर, आणि ते भेटले औंढा नागनाथला. म्हणजे घराण्याचे मूळ ज्या मुलखात, तिथेच शिक्षणासाठी परत यावे लागले.

औंढा नागनाथ

हिंगोलीहून औंढा सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. दगडी हेमाडपंती मंदिर, बाहेरच्या भिंतींवर मूर्तीच मूर्ती. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे आठवे, अशी आपल्याकडची श्रद्धा आहे. जुने दगडी काम खाली आणि वरचे पांढरे बांधकाम नंतरचे, हा फरक लांबूनही कळतो. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावे लागते, म्हणून वृद्ध माणसांना सांभाळून न्यावे.

मंदिराला प्रदक्षिणा घालताना नंदी कुठे आहे ते पाहा. महादेवाच्या देवळात नंदी समोर असतो. इथे तो मागच्या बाजूला आहे. त्याची कथा गावातले शाळकरी पोरही सांगेल. नामदेव देवळापुढे कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवले आणि मागे जायला सांगितले. नामदेव निमूट मागे गेले आणि तिथे गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि देवाचे तोंड गाणाऱ्याकडे झाले.

ही केवळ इकडची लोककथा आहे असे समजू नका. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांचे एक पद आहे. त्यात त्यांनी स्वतःच हा प्रसंग गायला आहे. जातीवरून हाताला धरून उठवले, हे दुःख त्यात आहे, आणि देवाने देऊळ फिरवले, हे समाधानही आहे. कथेवर विश्वास ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्याला पुढे बसू दिले नाही त्याने गाणे थांबवले नाही, मागे जाऊन गायला, एवढे तर त्यातून उरतेच.

लोकांच्या बोलीत

ज्ञानेश्वरांबरोबर नामदेवांनी तीर्थयात्रा केली. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर नामदेव पन्नासहून अधिक वर्षे जगले. मंगळवेढ्याला १३३८ साली गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखामेळा दगडमातीखाली गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारापाशी समाधी बांधणारे नामदेवच. या उत्तरायुष्यातच ते पायी उत्तरेकडे गेले. पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यात घुमान हे गाव आहे. तिथे ते बरीच वर्षे राहिले, असे तिकडची परंपरा सांगते. आजही तिथे बाबा नामदेवांचे स्थान आहे.

आम्हा विस्तार खात्यातल्या लोकांना पहिला धडा असा शिकवला जातो, की शेतकऱ्याला आपल्याकडे बोलावू नका, त्याच्या बांधावर जा. दुसरा धडा, त्याच्या बोलीत बोला. तिसरा धडा, त्याला नुसते सांगू नका, त्याच्या हाताने करून घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकताना हे धडे मी पाठ केले आणि नोकरीत शिरल्यावर ते किती अवघड आहेत हे कळले. नामदेवांनी हे तिन्ही धडे सातशे वर्षांपूर्वी गिरवले होते. पंजाबात गेल्यावर ते मराठीच चालवीत बसले नाहीत. तिकडच्या लोकांना उमजेल अशा बोलीत त्यांनी पदे रचली. पुढे १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात नामदेवांची पदे घेतली. ग्रंथात त्यांची ६१ पदे आहेत आणि ती १८ रागांत लावलेली आहेत. शेजारच्या नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि त्याआधी या ग्रंथालाच गुरुपद दिले. म्हणून नांदेडच्या गुरुद्वारात दर्शनाला आलेले पंजाबी यात्रेकरू नर्सीलाही येतात. ज्याची पदे ते लहानपणापासून ऐकतात, त्याचे मूळ गाव त्यांना पाहायचे असते. नर्सीत गुरुद्वारा का, याचे उत्तर हे असे आहे.

२०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले. अध्यक्ष होते डॉ. सदानंद मोरे. महाराष्ट्रातली माणसे रेल्वेने त्या खेड्यात गेली, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी त्यांना नामदेवांच्या गावची माणसे म्हणून घरी नेऊन जेवू घातले.

गाणे कशाने टिकते

नामदेवांच्या नावावर आज सुमारे अडीच हजार अभंग सांगतात. त्यांत पुढच्या काळात झालेल्या 'नामा' नावाच्या कवींची रचनाही मिसळली आहे, असे अभ्यासक म्हणतात. पण नामदेवांची खरी देणगी मला अभंगांच्या संख्येत दिसत नाही. ती कीर्तनाच्या रचनेत दिसते. वारकरी कीर्तनाची परंपरा त्यांच्यापासून मानतात. त्या कीर्तनाची मांडणी पाहा. मध्ये कीर्तनकार, शेजारी विणेकरी आणि मृदंग वाजवणारा, मागे टाळकऱ्यांची रांग. कीर्तनकाराने चरण म्हटला की टाळकरी तो उचलतात, आणि टाळकऱ्यांमागून सगळा मांडव म्हणू लागतो. ऐकणारा नुसता ऐकणारा राहातच नाही. म्हणून तर बांधावरची बाई रस्त्यावरच्या दिंडीबरोबर सहज गाऊ शकते. पंडित भीमसेन जोशींसारख्या थोर गवयाने नामदेवांचे अभंग गायले, ते आपण भक्तिभावाने ऐकले. पण नामदेवांचे गाणे जिवंत ठेवले ते बेसूर का होईना, पण आपल्या गळ्याने गाणाऱ्यांनी.

हा नियम आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत केंटकी नावाचे राज्य आहे. तिथे एक चाऱ्याचे गवत फार पिकते, त्याला 'ब्लू ग्रास' म्हणतात. आमच्या शास्त्रीय भाषेत 'पोआ प्रॅटेन्सिस'. त्या राज्यात रोझीन गावच्या एका शेतकरी घरात १९११ साली बिल मन्रो नावाचा मुलगा जन्मला. सारंगीसारखे तिकडचे वाद्य, फिडल, त्याची आई वाजवी आणि मामाही वाजवी. थोरल्या भावांनी चांगली वाद्ये आधीच धरली होती, म्हणून या धाकट्याच्या वाट्याला मँडोलिन आले. आईबाप लवकर गेले. मग मामाबरोबर तो गावोगावच्या नाचगाण्यांत साथ करू लागला. पुढे त्याने आपला ताफा काढला आणि त्याला आपल्या मुलखाच्या गवताचे नाव दिले. १९३९ साली नॅशव्हिलच्या रेडिओवर तो गाऊ लागला आणि शेतातल्या घराघरात पोहोचला. त्या तऱ्हेच्या सगळ्याच गाण्याला पुढे 'ब्लूग्रास' हे नाव पडले. १९९६ साली तो वारला.

मला त्याच्या कीर्तीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. इंडियाना राज्यात बीन ब्लॉसम या ठिकाणी त्याने १९६७ पासून दरसाल मेळा भरवला. अशा मेळ्यांना येणारे कित्येक लोक आपापली वाद्ये घेऊन येतात, आणि मंचावरचा कार्यक्रम चालू असो वा संपलेला असो, झाडाखाली घोळका करून स्वतः वाजवीत बसतात. मन्रो गेला तरी ते गाणे गेले नाही, याचे कारण त्या झाडाखालच्या घोळक्यांत आहे. नामदेवांचे टाळकरी आणि हे झाडाखालचे लोक, यांच्यात कुळाचे नाते नाही, पण कामाचे नाते आहे.

आता याच्या उलट उदाहरण घ्या. नामदेवांच्या घरातली जनाबाई, मूळची आपल्या शेजारच्या गंगाखेडची. दळताना ओवी गाणारी. तिच्या मागून किती पिढ्या आपल्या आयाबहिणी पहाटे जात्यावर गायल्या. मग गावात पिठाची गिरणी आली. ती यायलाच हवी होती, बाईच्या खांद्यावरचा भार उतरला. पण जाते थांबले आणि त्याबरोबर ओवीही थांबली. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून निदान त्या कागदावर आणि ध्वनिफितीवर राहिल्या. परंतु तुमच्या घरातल्या मुलीला त्यांतली एक तरी येते का? विचारून पाहा. गाण्याला काही काम असेल तोवर ते गळ्यात राहते. काम गेले की ते कपाटात जाते.

मृदंगाला हात कोणाचा

मला काळजी वाटते ती इथे. गावात सभा घेऊन उशीर झाला की मी पुष्कळदा देवळात टेकतो. अनेक गावांत भजनी मंडळ आहे, टाळ आहेत, वीणा आहे, मृदंगही आहे. पण मृदंग वाजवणारा एकच, आणि तो सत्तरीला आलेला. त्याच्या हाताखाली कोणी नाही. तो आजारी पडला की त्या दिवशी कर्ण्यावर ध्वनिमुद्रित भजन लावतात. गाणे अधिक सुरेल असते यात शंका नाही. पण मांडवातली माणसे गप्प बसतात. एकदा गप्प बसायची सवय लागली, की मग म्हाताऱ्याची आठवणही कोणी काढीत नाही. गिरणीने ओवीचे जे केले, ते कर्णा भजनाचे करील. फरक इतकाच, की गिरणीने बाईचे कष्ट तरी वाचवले. कर्णा आपले कसले कष्ट वाचवतो?

शेतकऱ्याला समजेल असे सांगतो. सोयाबीनचे बियाणे नाजूक असते. वर्षा-दोन वर्षांत उगवण घटते. सत्तर टक्क्यांच्या खाली गेले की ते बियाणे म्हणून चालत नाही, मग तेलासाठीच उपयोगी. म्हणून आम्ही सांगतो, घरचे बियाणे राखा, पण ते दर हंगामात पेरून नवे करा. पोत्यात ठेवलेले बियाणे दिसायला तेच दिसते, आतला जीव मात्र गेलेला असतो. भजनाचेही तसेच आहे. ध्वनिफीत म्हणजे पोते. पेरणी व्हायची ती गळ्यात आणि हातात.

पेरणीला खर्च फारसा नाही. गावात मृदंग वाजवणारा कोणी असेल, तर या श्रावणात त्याच्याजवळ दोन मुले आणि दोन मुली बसवा. मुलींनी मृदंग वाजवू नये असे कोणी म्हणाले, तर जनाबाईचे नाव सांगा. डाव्या तोंडाला कणीक किती ओली लावायची, ती वाजवून झाल्यावर खरवडून कशी काढायची, गठ्ठे कसे ठोकायचे, वादी कशी ताणायची, इथून शिकायला सुरुवात होते. मग बोल तोंडाने म्हणायचे आणि मग हाताने काढायचे. आठवड्यातून दोन संध्याकाळी पुष्कळ झाल्या. सहा महिन्यांत साधा ठेका धरता येतो. तेवढ्यावर गावची एकादशी निभावते. ज्या गावात वाजवणारा उरलाच नाही, त्यांनी शेजारच्या गावचा माणूस बोलवावा आणि त्याच्या जाण्यायेण्याची सोय मंडळाने करावी. कर्ण्याला जो खर्च करता, त्यातलाच थोडा इकडे वळवायचा.

नामदेवांनी १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला, पंढरपूरच्या महाद्वारात देह ठेवला. तिथल्या पायरीला आपण नामदेव पायरी म्हणतो. देवळात जाणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ अंगावर पडावी, अशी त्यांची इच्छा होती असे सांगतात. ही तिथी परतवारीनंतर दोनच दिवसांनी येते. तेव्हा नर्सीला आलात तर पहाटे लवकर या, गर्दी वाढण्याआधी दर्शन होते. दुपारून औंढ्याला जा, नंदी पाहा. पाऊस असेल तर कयाधूच्या पात्रात मुलांना उतरू देऊ नका, पाणी अचानक वाढते. आणि नर्सीच्या मांडवात कीर्तन चालू असेल तर मागे उभे राहू नका. टाळ मागून घ्या. द्यायला कोणी नाही म्हणत नाही.